सुविधाचं गाऱ्हाणं

खोटं कशाला बोलू? हर्षा पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपली.

खुपावी असं तिनं काही केलं नव्हतं हो. जूनमधल्या एका आयतारी, म्हणजे रविवारी, ती आमच्या धिटाई वर्गात आली, दाराबाहेर चपलांचा पसारा पडला होता तो नीट ओळीत लावला आणि म्हणाली, "अश्विनीताई, मी काही मदत करू?" एवढंच. पण ती खाली बसली न बसली तोच अंकिता, आमची सातवीतली बडबडी, तिच्या शेजारी सरकली. तिची वेणी हातात घेऊन विचारते कशी, "ताई, तेल खंयचं लावता गो?" माझ्या तेलाची चौकशी दोन वर्षांत कुणी केली नव्हती.

धिटाई वर्ग माझा. म्हणजे मुलींचा, गावाचा, सगळ्यांचा वगैरे आहेच. पण सुरू मी केला. आमच्या आमोणे गावातल्या मुली वर्गात पहिल्या येतात आणि घरी पाहुणे आले की आतल्या खोलीत पळतात. मीही पळायचे. कॉलेज संपल्यावर पणजीला नोकरीच्या मुलाखतीला गेले, तर मेजापलीकडच्या माणसानं नुसतं नाव विचारलं आणि माझी बोबडी वळली. नाव! स्वतःचं! परत येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. त्याच महिन्यात देवळामागच्या जुन्या शाळेची खोली मागून घेतली. दर आयतारी तीन ते पाच, गावातल्या बारा मुली आणि मी. माझा चुलतभाऊ साईश फोटो काढायचा. मुलींना उभं करायचं, बोलतं करायचं, कुणी हसलं तर हसणारीला उभं करायचं. आणि एक नियम: ‘लोक काय म्हणतील’ हे शब्द वर्गात जी उच्चारील तिला दंड म्हणून सगळ्यांसमोर गाणं म्हणावं लागेल. नियम मीच केला होता. पुढे तो माझ्याच गळ्यात आला.

बारा जणींत सुविधा नावाची एक होती. अकरा वर्षांची, सहावीतली. मुकी नाही, तोतरी नाही. घरी बोलायची, गोठ्यातल्या गायीशी तर तासन्‌तास बोलायची. पण चार माणसं समोर आली की ओठ शिवल्यासारखे. तिची पाळी आली की ती उभी राहायची, उजव्या पायाचा अंगठा डाव्या पायावर घासत राहायची आणि मी म्हणायचे, "घाई नाही, सुविधा. आम्ही थांबलोय." खरंच थांबायचो. बराच वेळ गेला की ती बसायची. पुढच्या आयतारी पुन्हा उभी. दोन वर्षांत मी तिला एकदाही ओरडले नाही, तिची पाळी एकदाही चुकवली नाही. एक दिवस हिच्या तोंडून पहिला शब्द निघेल, त्या वेळी मी समोर असेन, हे चित्र मी मनात इतक्या वेळा पाहिलं होतं की त्या चित्रात मी कुठली ओढणी घेतलेली असेन तेसुद्धा ठरलं होतं.

आणि मग श्रावणात हर्षानं गाऱ्हाण्याचा खेळ काढला.

हर्षाचं घराणं मूळ दोडामार्गाकडचं. बाबा खाणीच्या ट्रकवर, त्यामुळे ही लहानपणापासून दिवचल, म्हणजे डिचोली, तालुक्यातच वाढलेली. पण आजोबा तिकडे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे. हात जोडून देवासमोर उभं राहायचं, गावाच्या वतीनं मागणं मागायचं आणि प्रत्येक वाक्याला मागच्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. आमच्याकडेही घालतात, गोकुळदासकाका घालतात. हर्षा म्हणाली, "एकीनं मध्ये उभं राहून काय हवं ते देवाकडे मागायचं. बाकीच्यांनी ओरडायचं, व्हय महाराजा!"

अंकिता टुणकन उठली. "बा देवा महाराजा! आमची गणिताची बाई सोमवारी रजेर जावंदी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" खोलीची कौलं हलली.

दोन-तीन जणींनंतर सुविधाची पाळी आली. तिचा अंगठा हलायला लागला. मी नेहमीसारखी पुढे झाले, "घाई ना—" एवढं म्हणते तोवर आवाज आला.

"बा देवा महाराजा."

"व्हय महाराजा!"

"आमची गाय गाभण आसा महाराजा."

"व्हय महाराजा!"

"तिका पाडी होवंदी रे महाराजा. पाडो झालो तर बाबा विकतलो."

सात वाक्यं बोलली. मी मोजली. मुलींनी तिला उचलून घेतलं, हर्षाच्या डोळ्यांत पाणी, साईशचा मोबाइल चालू. मीही टाळ्या वाजवत होते. पण अंगाची नुसती लाही लाही होत होती. युक्ती काय ते मला तिथल्या तिथे कळलं होतं, त्याचंच जास्त दुखत होतं. मी दोन वर्षं त्या पोरीला शांतता दिली होती आणि तिला शांततेचीच भीती वाटत होती. हर्षानं तिला प्रत्येक वाक्याला होकार दिला. एवढी साधी गोष्ट! मला दोन वर्षांत सुचू नये आणि हिला दोन महिन्यांत सुचावी?

"अश्विनीताय, आता तुमी घाला!" मुली ओरडल्या.

"मला हजेरी भरायची आहे," मी म्हटलं.

त्या रात्री साईशनं व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं होतं, ‘हर्षाताईचा वर्ग’. मी त्याला फोन करून असं झापलं की तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सुविधाची आई कमलवहिनी पिशवीभर तवशी, म्हणजे गावठी काकड्या, घेऊन आमच्या दारात. मला वाटलं, चला, कुणाला तरी जाण आहे. तर म्हणतात, "हर्षातायन किमया केली गो! तिचं घर माका ठावक ना, तू तिका पावयशी?" म्हणजे हर्षाच्या कौतुकाची तवशी हर्षाच्या घरी पोचवायला मी! त्यांतली दोन मी खाल्ली. कडू निघाली असं सांगायला आवडलं असतं मला, पण गोड होती.

डिसेंबरात देवळाच्या मंडपात वर्गाचा पहिला जाहीर कार्यक्रम ठरला. पालक, पंच, गावातली जाणती माणसं, सगळ्यांना बोलवायचं. सुरुवात सुविधानं करायची, यावर कुणाचं दुमत नव्हतं. तेवढ्यात हर्षा म्हणाली, "सुरुवातीला ती गाऱ्हाणंच घालूदे. देवळातच आहे ना आपला कार्यक्रम!" मुलींनी टाळ्या पिटल्या. सुविधा लाजली, पण मान हलवली.

आणि मी म्हटलं, "देवळात गाऱ्हाणं घालायचा मान गोकुळदासकाकांचा. तिथे मुलीनं घातलं तर लोक काय म्हणतील?"

मग अंकिता हळूच म्हणाली, "ताई, दंड."

"काय?"

"तुमी ‘लोक काय म्हणतील’ म्हटलं. गाणं म्हणा."

मी गाणं म्हटलं नाही. हर्षा माझ्याकडे बघत होती. "काकांना विचारूया का?" तिनं विचारलं.

"मी विचारलंय. नको म्हणाले."

विचारलं नव्हतं. काका चार घरं पलीकडे राहतात, रोज सकाळी पोदेराकडून पाव घेताना भेटतात; पण मी विचारलं नव्हतं. त्या एका वाक्यासाठी जीभ जराही अडखळली नाही माझी, पणजीला स्वतःचं नाव सांगताना अडखळली होती ती.

मग मी सुविधासाठी भाषण लिहिलं. ‘सन्माननीय व्यासपीठ आणि उपस्थित ग्रामस्थ हो’पासून ‘जय हिंद’पर्यंत, बावीस ओळी. फार सुंदर लिहिलं होतं, अजूनही वाटतं. तिला रोज संध्याकाळी घरी बोलावून पाठ करून घेतलं. ती भिंतीकडे तोंड करून घडाघडा म्हणायची. माझ्याकडे तोंड करून म्हण म्हटलं की अंगठा हलायचा. "होईल त्या दिवशी," मी म्हणायचे. आता ती बोलली की माझ्या भाषणानं बोलणार होती, एवढं मला पुरेसं होतं.

कार्यक्रम चारला. साडेतीनला मी हर्षाला म्हटलं, "दिवचलच्या बाजारातून सामोसे आणायचेत, तू जातेस?" साईश तिथेच स्कूटर घेऊन रिकामा उभा होता. तो म्हणाला, "मी जातो की!" मी म्हटलं, "तुला नाही कळत. हर्षालाच जाऊ दे." हर्षानं एकदा मंडपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि स्कूटरची किल्ली घेतली.

मंडप भरला. पहिल्या रांगेत पांढऱ्या सदऱ्यात गोकुळदासकाका, तिसऱ्या रांगेत कमलवहिनी. लाल परकर-पोलक्यात सुविधा मंचावर आली. मी ठरलेली ओढणी घेऊन बरोबर समोर उभी होते.

"सन्माननीय व्यासपीठ," सुविधा म्हणाली.

आणि थांबली.

अंगठा हलायला लागला. मी खालून ओठ हलवले, ‘आणि उपस्थित ग्रामस्थ हो.’ तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती दाराकडे बघत होती. मी हळू म्हटलं, "घाई नाही, सुविधा." कुणीतरी खोकलं. मागे दोघी बायका कुजबुजल्या. कमलवहिनींनी मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. सुविधाचे डोळे भरून आले.

काय करायला हवं ते मला कळत होतं. एक आरोळी. बस्स. पण ती दिली की काकांच्या देखत माझं खोटं उघडं पडणार, आणि मुलगी बोललीच तर हर्षाच्या युक्तीनं बोलणार. आणि तुम्हाला खरं सांगते, अजून कुणालाच सांगितलेलं नाही, त्या वेळी माझ्या मनात आलं की राहूदे. तिच्या युक्तीनं बोलण्यापेक्षा न बोललेली बरी. असं आलं माझ्या मनात. त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी, आणि माझ्या मनात हे!

तेवढ्यात सुविधानं हात वर करून बाहीनं नाक पुसलं. मी पण बसमध्ये तसंच पुसलं होतं, रुमाल असून.

"व्हय महाराजा!" मी ओरडले.

सगळा मंडप माझ्याकडे वळला. गाऱ्हाणं नाही, काही नाही, आणि ही काय ओरडते? मागे हशा पिकला. माझे कान तापले. पण सुविधाची मान वर आली होती.

"बा देवा महाराजा," ती म्हणाली.

पहिल्या रांगेतून आवाज आला, "व्हय महाराजा!" गोकुळदासकाका. हात जोडून उभेच राहिले म्हातारे. ते उभे राहिले तसे सगळे उभे राहिले. रागबिग काही नाही; उलट चेहरा असा की जणू घरी पाहुणा आलाय.

"आज तुझ्या दारात आमी बारा चेडवां उभी आसव महाराजा."

"व्हय महाराजा!"

"आमका बोलाची भीती वाटता, ती काढून टाक रे महाराजा."

"व्हय महाराजा!"

"आमच्या गायीक पाडी झाली, ती तू दिलंस महाराजा. तिका बाबान विकली नाय."

"व्हय महाराजा!" आता हसत, पण दणक्यात. कमलवहिनी तर रडत रडत ओरडत होत्या. मी सगळ्यांत पुढे उभी राहून हात वर करून होकार उठवत होते, आणि खोटं का बोलू, मला भारी वाटत होतं. तेवढ्यात दाराकडे लक्ष गेलं. हर्षा. दोन्ही हातांत सामोशांचे खोके घेऊन उंबऱ्यात उभी. ती काकांकडे बघत होती. हात जोडून ओरडणाऱ्या काकांकडे. मग माझ्याकडे.

माझा वर केलेला हात खाली आला.

"आमच्या दोन ताय आसत महाराजा," सुविधा म्हणत होती.

"व्हय महाराजा!"

"अश्विनीताय माझ्यासाठी दोन वर्सां थांबली महाराजा."

"व्हय महाराजा!"

"पण तिका हर्षातायचो राग येता महाराजा."

एकटे काका सवयीनं, "व्हय महाराजा!" मग त्यांच्याही लक्षात आलं आणि त्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं.

"तो राग तू काढून टाक रे महाराजा."

कुणी काही म्हणेना. सगळे माझ्याकडे बघत होते. इतका वेळ होकार मीच उठवत होते ना! मी तोंड उघडलं. आवाज नाही. तेच मेज, तोच माणूस, आणि मला स्वतःचं नाव येत नाही. माझ्या उजव्या पायाचा अंगठा डाव्या पायावर आला होता, तो मी बघितला.

सुविधा वरून माझ्याकडे बघत होती. त्या पोरीच्या चेहऱ्यावर खोडी नव्हती, रुसवा नव्हता, काही नव्हतं. ती मला म्हणाली, स्वच्छ आवाजात, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं:

"घाई नाय, ताय. आमी थांबलाव."

आणि थांबले. सगळे थांबले.

"व्हय महाराजा," मी म्हटलं. आवाज मांजराच्या पिलासारखा निघाला. पण निघाला.

नंतर सामोसे वाटताना सुविधा धावत खाली आली आणि सरळ हर्षाच्या कमरेला मिठी मारली. माझ्या नाही. तेव्हासुद्धा ते मला खुपलंच. देवालाही थोडा वेळ द्यावा लागत असणार.

मी हर्षाजवळ गेले. मुलगी बाजूला झाल्यावर म्हटलं, "काकांना मी विचारलंच नव्हतं."

"माहीत आहे," हर्षा म्हणाली. "मी त्याच संध्याकाळी विचारलं होतं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, घालूंदी. माझो घसो बसता आताशा, कोणीतरी शिकाक व्हयाच."

मला वाटलं भुई फाटेल तर बरं. "मग तेव्हाच का बोलली नाहीस? सगळ्यांसमोर तोंडावर फेकायचं होतंस!"

ती खोक्यातले सामोसे कागदी बशांत मांडत राहिली. मग म्हणाली, "कारण मलाही राग आला होता. म्हटलं, अडकूदे ते भाषण, मग कळेल तुला. बाजारात जाईपर्यंत तसंच वाटत होतं." तिनं मान वर केली नाही. "सामोसे तयारच मिळाले. परत येऊन दारात उभी राहिले आणि सुविधाचं तोंड बघितलं. माझी मलाच लाज वाटली. व्हय महाराजा म्हणायला मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात तू ओरडलीस."

मी तिच्या हातातली बशी घेतली.

"म्हणजे आधी मी?"

"आधी तू."

"नक्की?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "नक्की. माझा नुसता श्वास घेऊन झाला होता."

"परत सांग," मी म्हटलं, "अंकितासमोर सांग."

तिनं सांगितलं. अंकितानं ऐकून घेतलं, सामोशाचा घास गिळला आणि म्हणाली, "बरं. आता दंडाचं गाणं म्हणा."

मी म्हटलं. दोन कडवी, सगळ्यांसमोर.